बेंगळूरचे शहाजीराजे

बेंगळूर नगरीत प्रथमच येणारा प्रवासी विधानसौध पाहतो, लालबागेत फिरतो, टिपू सुलतानाच्या उन्हाळी महालातील लाकडी खांब न्याहाळतो आणि सायंकाळी चिकपेठेच्या गर्दीत रेशमी वस्त्रांची खरेदी करतो. संगणक उद्योगामुळे जगभर नाव झालेले हे शहर त्याला अगदी अलीकडचे वाटते. शहराचे वय विचारले तर बहुतेकांच्या ओठी केंपेगौडांचे नाव आणि १५३७ हे साल येते. या नगराचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे. शहराच्या दक्षिणेस बेगूर येथील नागेश्वर मंदिरात नवव्या शतकाच्या अखेरीचा एक जुना कन्नड शिलालेख आहे आणि त्यात बेंगळूरच्या लढाईचा उल्लेख आहे. भुकेल्या होयसळ राजाला एका वृद्धेने उकडलेल्या शेंगा खाऊ घातल्या आणि त्यावरून गावाला नाव पडले, ही प्रसिद्ध आख्यायिका ऐकायला गोड आहे; परंतु गावाचे नाव होयसळांच्या उदयाच्याही आधीपासून दगडावर कोरलेले आहे.

या नगराविषयीची आणखी एक गोष्ट प्रवाशाला सहसा कोणी सांगत नाही. सतराव्या शतकात सुमारे अर्धशतक हे नगर मराठ्यांच्या दक्षिणेतील कारभाराचे केंद्र होते. पुण्याचे लाल महाल आणि रायगडाचे सिंहासन इतिहासात येण्यापूर्वी एका मराठा सरदाराने येथे राजासारखा दरबार भरवला होता. बाल शिवाजीच्या पायांना या नगराची माती लागली होती. तो सरदार म्हणजे शहाजीराजे भोसले. मराठी मुलांना त्यांची ओळख बहुधा शिवछत्रपतींचे पिता एवढीच असते. बेंगळूरमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांना मात्र त्यांचे चरित्र अधिक जवळचे वाटावे, कारण त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध याच प्रदेशात गेला आणि त्यांचा देहही याच भूमीत विसावला.

वेरूळ ते माहुली

भोसले घराणे वेरूळच्या पाटीलकीचे. मालोजी आणि विठोजी या बंधूंनी अहमदनगरच्या निजामशाहीत चाकरी करून नाव मिळवले. मालोजींना पुणे आणि सुपे परगण्यांची जहागीर मिळाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना पुत्र झाला. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केल्यानंतर मुले झाली, म्हणून थोरल्याचे नाव शहाजी आणि धाकट्याचे शरीफजी ठेवले, अशी परंपरा आहे. मालोजी इंदापूरच्या रणात पडले तेव्हा मुले लहान होती. चुलते विठोजी यांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई हिच्याशी शहाजींचा विवाह झाला.

तो काळ मोठा अस्थिर होता. दख्खनमध्ये निजामशाही, आदिलशाही आणि कुतुबशाही या तीन सत्ता एकमेकींशी झगडत होत्या आणि उत्तरेकडून मोगलांची लाट पुढे सरकत होती. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर होता. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा त्याने पराभव केला. या लढाईत शहाजी आणि शरीफजी दोघेही लढले. विजय मिळाला, पण शरीफजी रणात पडले. तरुण शहाजींच्या नावाचा दबदबा याच लढाईने निर्माण केला, आणि याच लढाईने त्यांचा पाठीराखा भाऊही नेला.

यानंतरची बारा वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धकाधकीची होत. मलिक अंबराशी बिनसल्यावर ते आदिलशाहीत गेले, काही काळाने निजामशाहीत परतले. १६२९ साली निजामशहाने दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवरावांची त्यांच्या पुत्रांसह हत्या करवली. ज्या दरबाराची चाकरी करायची, त्याच दरबारात सासऱ्यांचे रक्त सांडले. शहाजीराजांनी निजामशाही सोडली आणि काही काळ मोगलांची मनसब स्वीकारली. याच धामधुमीत १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजीचा जन्म झाला. दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून बेचिराख केले आणि तेथे गाढवांचा नांगर फिरवला. जहागिरीची राख झाली, पत्नी आणि तान्हे मूल गडाच्या आश्रयाला आणि स्वतः घोड्यावर, अशी त्या वेळी त्यांची अवस्था होती.

१६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि निजामशहा ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला. निजामशाही संपली असे सर्वांना वाटले. तेव्हा शहाजीराजांनी एक असामान्य धाडस केले. निजामशाही घराण्यातील मूर्तजा नावाच्या एका बालकाला त्यांनी संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने स्वतः राज्यकारभार हाती घेतला. गड जिंकले, सैन्य जमवले, महसूल गोळा केला. छत्र दुसऱ्याचे होते. त्याखालचा सर्व कारभार मात्र एका मराठा सरदाराच्या हातात होता. सुमारे तीन वर्षे हा प्रयोग टिकला. अखेर बादशहा शाहजहान स्वतः दख्खनमध्ये उतरला. मे १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही यांच्यात तह झाला आणि दोन्ही फौजा शहाजीराजांच्या पाठीस लागल्या. शहापूरजवळच्या माहुली गडावर ते कोंडले गेले. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांना शरण जावे लागले. बाल मूर्तजा मोगलांच्या स्वाधीन झाला, निजामशाही कायमची बुडाली आणि शहाजीराजे आदिलशाहीचे सरदार झाले.

चाळिशीच्या आसपासच्या त्या पुरुषाने जे उभारले होते, ते सर्व त्याच्या डोळ्यांदेखत मोडले होते. पुणे-सुप्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली. पण तेथे राहण्याची मोकळीक उरली नाही. मोगलांच्या सरहद्दीजवळ असा माणूस असणे कोणालाच परवडणारे नव्हते. त्यांची रवानगी दूर दक्षिणेला, कर्नाटकाच्या मोहिमेवर झाली.

कर्नाटकात आगमन

दैवाचा योग असा की माहुलीला ज्याने वेढा घातला, तोच रणदुल्लाखान या मोहिमेचा सेनापती होता. कालच्या शत्रूच्या हाताखाली आज लढायचे होते. विजयनगरचे साम्राज्य तालिकोटच्या लढाईनंतर खिळखिळे झाले होते आणि त्याचे नायक व पाळेगार आपापल्या प्रांतांत स्वतंत्रपणे वावरत होते. आदिलशाही फौजेने प्रथम इक्केरीच्या नायकांना नमवले आणि १६३८ च्या अखेरीस ती बेंगळूरपाशी येऊन ठेपली.

बेंगळूर तेव्हा केंपेगौडा घराण्याचे होते. या घराण्यातील पहिल्या केंपेगौडांनी १५३७ साली मातीचा कोट घालून नगर वसवले होते. चिकपेठ आणि दोड्डपेठ जेथे एकमेकींना छेदतात, तेथून चार दिशांना बैलांचे चार नांगर चालवून त्यांनी रस्त्यांच्या रेषा आखल्या, अशी कथा सांगतात. लालबाग, हलसूर, केंपांबुधी तलाव आणि मेखरी चौकाजवळ आजही उभे असलेले चार लहान मनोरे त्याच घराण्याच्या काळाची खूण मानले जातात. वेढ्यानंतर नगर आदिलशाही फौजेच्या हाती आले. केंपेगौडा घराण्याच्या तत्कालीन अधिपतीला समूळ उखडण्यात आले नाही. मागडीचा प्रदेश त्याच्याकडे राहिला आणि त्याचे वंशज पुढे अनेक वर्षे तेथे नांदले.

रणदुल्लाखानाने जिंकलेल्या या मुलखाचा कारभार शहाजीराजांकडे सोपवला आणि बेंगळूर त्यांना जहागीर म्हणून मिळाले. पुढे कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे हे प्रदेशही त्यांच्या अधिकाराखाली आले. या विस्तृत प्रांताला सरकारी दप्तरात कर्नाटक-विजापूर-बालाघाट असे नाव होते. राहण्यासाठी राजांनी बेंगळूरच निवडले. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरची निरोगी हवा, भक्कम कोट, भरलेली तळी आणि गजबजलेल्या पेठा, हे सर्व त्यांना येथे मिळाले. मराठी कागदपत्रांत हे नगर बेंगरूळ या नावाने येऊ लागले. चिकपेठेच्या परिसरात त्यांचा गौरीमहाल नावाचा वाडा होता, असे परंपरेने सांगितले जाते. आज त्या वाड्याचा दगडही ओळखता येत नाही.

जिंकलेल्या प्रदेशाशी वागण्याची त्यांची रीत लक्षात घेण्याजोगी होती. शरण आलेल्या पाळेगारांना खंडणीच्या अटीवर त्यांच्या ठिकाणी राहू देणे, गावगाड्याला धक्का न लावणे आणि महसुलाची घडी बसवणे, असे धोरण त्यांनी ठेवले. महाराष्ट्रातून आलेले कारकून, हिशेबनीस आणि शिलेदार या प्रदेशात स्थायिक झाले. परगणे, तर्फा आणि मौजे या विभागणीबरोबर देशपांडे, मुजुमदार, कुळकर्णी ही पदे कन्नड गावांच्या गौड-शानभोगांच्या शेजारी नांदू लागली. कन्नड मुलखाच्या कारभारात मराठी भाषा आणि मोडी लिपी यांनी पक्के स्थान मिळवले ते याच काळात. शहाजीराजांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, हैदर आणि टिपू यांच्या अमदानीतही म्हैसूर राज्याचे हिशेब कन्नड आणि फारसीबरोबर मराठीतही ठेवले जात होते.

बारा भाषांचा दरबार

तलवारीच्या बळावर आलेल्या सरदाराचा दरबार कवी आणि पंडितांनी भरलेला असावा, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये या कवीने राधामाधवविलासचंपू या ग्रंथात रेखाटले आहे. चंपू म्हणजे गद्य आणि पद्य यांचे मिश्रण असलेले संस्कृत काव्य. हा ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला आणि शहाजीराजांचे एक वेगळेच रूप महाराष्ट्रासमोर आले.

जयराम हा महाराष्ट्रातून शहाजीराजांची कीर्ती ऐकून आला होता. दरबारात प्रवेश करताच त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. बाराच का, असा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा आपण बारा भाषांत काव्यरचना करतो, म्हणून प्रत्येक भाषेचा एक नारळ, असा खुलासा त्याने केला. मग त्याची परीक्षा सुरू झाली. त्या काळी दरबारात समस्यापूर्तीचा खेळ चालत असे. एकाने श्लोकाचा शेवटचा चरण द्यायचा आणि कवीने उरलेले चरण तत्काळ रचून अर्थ जुळवायचा. राजे स्वतःही समस्या देत आणि उत्तराची पारख करीत. संस्कृत, प्राकृत, मराठी, कन्नड, तेलुगू, फारसी, हिंदुस्थानी अशा अनेक भाषांचे कवी त्या सभेत आपापली कला दाखवीत.

या दरबाराकडे केवळ हौस म्हणून पाहणे योग्य होणार नाही. ज्या भूमीवर राज्य करायचे तिच्या भाषेला आपल्या सभेत आसन द्यायचे, हा त्यामागचा विचार होता. राजांची मातृभाषा मराठी, धन्याच्या दरबाराची भाषा फारसी, प्रजेची भाषा कन्नड आणि पूर्वेकडील प्रांतांत तेलुगू व तमिळ. या सर्वांशी ज्याला व्यवहार करायचा आहे त्याला एकाच भाषेचा अभिमान बाळगून चालणार नव्हते. आज बेंगळूरच्या एकाच गल्लीत पाच भाषा कानी पडतात आणि एका वर्गातील मुले घरी मराठी, अंगणात कन्नड आणि पुस्तकात आणखी एखादी भाषा वापरतात. त्या बहुभाषिक संस्कृतीचे एक जुने रूप या मराठा दरबारात दिसते.

राजे नावाने आदिलशहाचे सरदार होते. त्यांचा थाट मात्र स्वतंत्र नृपतीचा होता. त्यांचे कवी त्यांना महाराज म्हणूनच संबोधीत. परमानंद कवींच्या शिवभारतातही बेंगळूरच्या वैभवाचे आणि राजांच्या तेथील वास्तव्याचे वर्णन आढळते. पेमगिरीला दुसऱ्याच्या छत्राखाली जो प्रयोग अपुरा राहिला होता, तो बेंगळूरला अधिक सावधपणे आणि अधिक शांतपणे पुन्हा मांडला गेला, असे म्हणता येईल.

एका निर्णयाची किंमत

१६४० च्या सुमारास जिजाबाई आणि बाल शिवाजी बेंगळूरला आले. दहा-बारा वर्षांच्या त्या मुलाने तोपर्यंत गडांचा एकांत आणि जळालेल्या पुण्याचे भग्नावशेष पाहिले होते. येथे त्याने प्रथमच वडिलांचा भरलेला दरबार पाहिला, घोडदळ पाहिले, परक्या भाषेतील प्रजेची गाऱ्हाणी ऐकली जाताना पाहिले. थोरला भाऊ संभाजी वडिलांच्या हाताखाली कारभार शिकत होता. धाकटा सावत्रभाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, हा तुकाबाई मोहिते यांचा पुत्र. काही काळ तरी हे कुटुंब एका छपराखाली नांदले.

हा सहवास फार टिकला नाही. १६४२ च्या सुमारास शहाजीराजांनी एक निर्णय घेतला आणि त्याने पुढचा इतिहास घडला. शिवाजीला जिजाबाईंसह पुण्याच्या जहागिरीवर पाठवायचे त्यांनी ठरवले. तेथील कारभार दादोजी कोंडदेव पाहत होतेच. त्यांच्या जोडीला शामराज नीळकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर, रघुनाथ बल्लाळ सबनीस अशी जाणती माणसे, हत्ती, घोडे, खजिना आणि ध्वज देऊन त्यांनी मुलाची पाठवणी केली. लहानशा जहागिरीसाठी एवढा लवाजमा आवश्यक नव्हता. राज्य चालवायला जी पदे लागतात, ती सर्व त्या यादीत होती. शिवाजीराजांच्या संस्कृत राजमुद्रेत शहाजीपुत्र म्हणून जी ओळख कोरली आहे, ती या पाठवणीची आठवण ठेवणारी आहे.

पुण्यात गाढवांचा नांगर फिरला होता त्या भूमीवर पुढे सोन्याच्या नांगराने नांगरट झाली, अशी कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बेंगळूर बैलांच्या नांगराने आखले गेले आणि पुणे सोन्याच्या नांगराने पुन्हा वसले. दोन्ही नगरांच्या कथा नांगराशी जोडलेल्या आहेत आणि दोन्ही नगरे एकाच माणसाच्या जहागिरीत होती.

या निर्णयाची किंमत मात्र घराने मोजली. पती दक्षिणेत आणि पत्नी उत्तरेत, अशी त्यांच्या संसाराची कायमची वाटणी झाली. जिजाबाई आणि शहाजीराजे यांची त्यानंतरची भेट दुर्मीळच ठरली. ज्या मुलाला आपण घडवू शकलो असतो, त्याला दूर ठेवूनच त्याचे भले होईल, असे मानणे कोणत्याही पित्याला सोपे नसते. बेंगळूरला राहिला असता तर शिवाजी एका मोठ्या सरदाराचा मुलगा म्हणून मोठा झाला असता. पुण्याला गेल्यामुळे त्याला स्वतःचे आकाश मिळाले.

कैद आणि दोन पुत्र

शिवाजीराजांनी पुणे प्रांतात एकेक गड ताब्यात घेण्यास प्रारंभ केला तेव्हा विजापूरच्या दरबारात खळबळ उडाली. मुलाच्या पाठीशी बाप असल्याचा संशय बळावला. त्या वेळी शहाजीराजे मुस्तफाखानाच्या सैन्याबरोबर दक्षिणेत जिंजीच्या वेढ्यात गुंतले होते. २५ जुलै १६४८ रोजी भल्या पहाटे मुधोळच्या बाजी घोरपड्याने त्यांच्या छावणीवर छापा घातला आणि त्यांना कैद केले. मराठ्याने मराठ्याला पकडून दिल्याचा हा प्रसंग भोसले घराण्याने दीर्घकाळ विसरला नाही. अफझलखानाने त्यांना विजापूरला आणले. त्यांच्याबरोबर कान्होजी जेधे हे मावळातील विश्वासू सरदारही कैदेत पडले.

राजांना पकडल्यावर आदिलशहाने दोन्ही पुत्रांवर एकाच वेळी फौजा पाठवल्या. फत्तेखान पुण्याकडे निघाला आणि फर्हादखान बेंगळूरवर चालून आला. शिवाजीराजांनी पुरंदरच्या आश्रयाने फत्तेखानाला पिटाळले. इकडे संभाजीराजांनी बेंगळूरचा बचाव करून फर्हादखानाला माघार घ्यायला लावली. पुरंदरची लढाई मराठी मुलांना पाठ असते. त्याच वेळी बेंगळूरच्या कोटापाशी थोरल्या भावाने दिलेली झुंज मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. दोन भाऊ शेकडो कोसांच्या अंतरावर एकाच पित्यासाठी लढत होते.

रणांगणात जिंकूनही पित्याचा जीव शत्रूच्या मुठीत होता. शिवाजीराजांनी मोगल शाहजादा मुरादबक्ष याच्याशी पत्रव्यवहार सुरू करून विजापूरवर दडपण आणले. अखेर १६ मे १६४९ रोजी शहाजीराजांची सुटका झाली. त्यासाठी शिवाजीराजांना कोंढाणा आणि संभाजीराजांना बेंगळूर सोडावे लागले. ज्या दोन ठिकाणी दोन पुत्रांचा जीव गुंतला होता, तीच दोन ठिकाणे पित्याच्या मुक्ततेचे मोल ठरली. कालांतराने बेंगळूर पुन्हा भोसल्यांकडे आले.

सुटकेनंतर शहाजीराजांनी कान्होजी जेध्यांना आपल्याजवळ ठेवून घेतले नाही. त्यांनी त्यांना शिवाजीच्या मदतीस मावळात पाठवले. दहा वर्षांनी अफझलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी आला तेव्हा वतनावर पाणी सोडून हेच कान्होजी शिवाजीराजांच्या पाठीशी उभे राहिले. दूर राहूनही पिता पुत्राच्या कार्यात कसा सहभागी होता, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

अखेरची वर्षे

नियतीने त्यांना आणखी एक घाव दिला. १६५४-५५ च्या सुमारास कनकगिरीच्या लढाईत थोरले पुत्र संभाजीराजे मारले गेले. ऐन वेळी अफझलखानाने कुमक पाठवली नाही, असा ठपका त्याच्यावर ठेवला जातो. बेंगळूरचा बचाव करणारा, वडिलांच्या हाताखाली घडलेला हा कर्ता मुलगा गेल्यावर दक्षिणेकडील भार एकोजींवर आला.

१६५९ साली अफझलखानाचा वध झाला आणि शिवाजीराजांचे नाव सर्वत्र गाजले. विजापूरकरांनी पित्याकडे विचारणा केली तेव्हा मुलगा आपल्या आज्ञेत नाही, अशी भूमिका शहाजीराजांनी घेतली. या भूमिकेने त्यांची स्वतःची जागा टिकली आणि मुलाचे हातही मोकळे राहिले. १६६२ च्या सुमारास पितापुत्रांची दीर्घ काळानंतर भेट झाली आणि आपल्या मुलाने उभारलेले गड पित्याने डोळे भरून पाहिले, असे बखरकार सांगतात.

वयाची साठी उलटली तरी राजांचे घोड्यावर बसणे थांबले नव्हते. जानेवारी १६६४ मध्ये ते मोहिमेच्या निमित्ताने चन्नगिरीजवळच्या होदिगेरे गावी होते. २३ जानेवारीला, माघ शुद्ध पंचमीच्या दिवशी, शिकारीच्या पाठलागात त्यांच्या घोड्याचा पाय वेलींच्या जाळ्यात अडकला. राजे खाली कोसळले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. सुरतेच्या मोहिमेवरून परतलेल्या शिवाजीराजांना ही वार्ता मिळाली. जिजाबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला आणि शिवाजीराजांनी विनवण्या करून त्यांना परावृत्त केले, असे सांगितले जाते. त्या दहा वर्षे अधिक जगल्या आणि ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला राज्याभिषेक त्यांनी पाहिला. पतीने जे स्वप्न दुसऱ्याच्या छत्राखाली पाहिले होते, त्याला पुत्राचे स्वतःचे छत्र लाभलेले पाहूनच त्यांनी डोळे मिटले.

मागे काय उरले

शहाजीराजांनंतर एकोजींनी बेंगळूरचा कारभार पाहिला. मल्लेश्वरम भागातील काडू मल्लेश्वर मंदिरात १६६९ सालचा त्यांचा शिलालेख आहे. त्यात या देवस्थानाला एक गाव दान दिल्याची नोंद आहे. प्रदोषाच्या संध्याकाळी तेथे दर्शनाला जाणाऱ्या असंख्य भाविकांना हे मराठा राजाचे दान माहीतही नसते. १६७५ च्या सुमारास एकोजींनी तंजावर जिंकले आणि आपली गादी तिकडे नेली. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजीराजांनी वडिलांच्या या मुलखावर आपला हक्क प्रस्थापित केला. भावाभावांत संघर्ष झाला, समेटही झाला आणि बेंगळूर एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी देण्यात आले. एखादे नगर भावजयीला आहेरात मिळावे, हेही या शहराच्या नशिबातील एक नवल.

शेवट त्याहून नवलाचा आहे. तंजावरहून बेंगळूर सांभाळणे कठीण झाल्याने एकोजींनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना विकण्याची बोलणी चालवली होती. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच, जुलै १६८७ मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने नगर ताब्यात घेतले आणि त्याच तीन लाखांना ते वोडेयरांच्या स्वाधीन केले. बेंगळूरवरील भोसल्यांची सत्ता अशा रीतीने संपली. पुढे हैदरअलीने १७६१ साली येथला किल्ला दगडी केला. त्याचा एक तुकडा कृष्णराजेंद्र बाजाराजवळ आजही उभा आहे. तंजावरची भोसले गादी मात्र १८५५ पर्यंत चालली आणि तिच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने हजारो हस्तलिखिते जपली. कवी-पंडितांना आश्रय देण्याचा जो वारसा बेंगळूरच्या दरबारात सुरू झाला, त्याला तंजावरच्या भूमीत अशी फळे आली.

शहाजीराजांच्या आयुष्याचा हिशेब मांडायला बसले तर हातून गेलेल्या गोष्टींचीच यादी मोठी होते. निजामशाही बुडाली, माहुली गेली, शरीफजी गेले, संभाजी गेले, पत्नीचा सहवास हरपला, बेंगळूरचा वाडा काळाच्या उदरात गडप झाला. तरीही त्यांना अपयशी म्हणण्याचे धाडस इतिहास करीत नाही. स्वतःला जे साधले नाही त्यासाठी त्यांनी पुढच्या पिढीला तयार केले. तिला योग्य माणसे, योग्य साधने आणि योग्य अंतर दिले. परक्या मुलखात आल्यावर त्यांनी तेथील भाषांना आपल्या सभेत मानाने बसवले आणि स्वतःची भाषाही सोडली नाही. घरापासून दूर, कन्नड भूमीवर मराठी शाळेचा दिवा तेवत ठेवणाऱ्यांना आणि त्या उजेडात शिकणाऱ्या मुलांना या दोन्ही गोष्टींचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यातील होदिगेरे येथे शहाजीराजांची समाधी आहे. सभोवती शेते आहेत आणि गावात कन्नड बोलली जाते. समाधी साधी आहे. तिच्यावर ना कळस, ना भव्य छत्री. बेंगळूरहून उत्तरेकडे सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी वाट थोडी वाकडी करून तेथे थांबावे आणि ज्या राजाने आपल्या पुत्राला दूर पाठवून त्याच्यासाठी राज्याची वाट मोकळी केली, त्याच्या चरणी दोन फुले वाहावीत.